पेजेचे दोन दिवस

जानरावचं पोट उघडायचं नाही आणि पोटात वाढणारं वाढूही द्यायचं नाही, असा तो सगळा मामला होता. भागीरथेला हा मामला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. भांडण असो की आजार, एक घाव दोन तुकडे झाले की तिला बरं वाटे. हे मात्र टांगून ठेवलेलं प्रकरण होतं, आणि टांगलेली वस्तू कधी ना कधी खाली येते, एवढं तिला शाळेत न जाताही कळत होतं.

जानराव तिचा नवरा. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचा साडेतीन एकरांचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यात रताळी. माल अमरावतीच्या इतवारा बाजारात जायचा. लहानपणी जानरावला सांधे सुजवणारा ताप आला होता आणि त्या तापानं जाता जाता त्याच्या काळजाची एक झडप आखडून ठेवली होती. त्यामुळे मोट हाकणं, पोती उचलणं त्याला कधी जमलं नाही. चार पावलं भरभर चालला की ओठ जांभळे पडत. गावात त्याला बसका माळी म्हणत, आणि तोही हसून म्हणे, बसका तं बसका, माळी तं हाय. पण खुरपं घेऊन बसल्या बसल्या वाफ्यामागून वाफे निंदणारा तसा माणूस आसपासच्या चार गावांत नव्हता. भागीरथेचा त्याच्यावर फार जीव होता. नवऱ्याला असलं काही बोलून दाखवायची तिच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे रीत नव्हती, म्हणून तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही.

एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतर जानरावला शौचावाटे रक्त जाऊ लागलं. गावानं मूळव्याध म्हटलं. मूळव्याधीवर गावात जितकी डोकी तितकी औषधं असतात. सुरणापासून ताकापर्यंत ती सगळी त्यानं वर्षभर इमानदारीनं खाल्ली. रक्त काही थांबेना. शेवटी अमरावतीच्या एका डॉक्टरनं नीट तपासलं आणि सांगितलं की ही मूळव्याध नाही, अकोल्याला डॉक्टर केशवरावांकडे जा, आतून पाहायची नळी त्यांच्याकडे आहे.

केशवराव मुंबईला शिकून आलेले सर्जन. अकोल्यात त्यांचा दहा खाटांचा दवाखाना होता. त्यांनी नळीतून पाहिलं. आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, गुदद्वारापासून वीतभर वर, मखमलीचा तुकडा चिकटवावा तशी एक मऊ वाढ पसरली होती. तिचा कण कापून त्यांनी नागपूरला तपासायला पाठवला. कॅन्सर नाही, असं उत्तर आलं. भागीरथेनं तिथल्या तिथे हात जोडले, तर डॉक्टर म्हणाले, इतक्यात हात जोडू नका. आज कॅन्सर नाही, पण ही वाढ अशीच राहू दिली तर दोन वर्षांत, चार वर्षांत, कधीतरी तिचा कॅन्सर होणार. दुसरा कोणी असता तर पोट उघडून आतड्याचा तेवढा भाग काढून टाकला असता आणि विषय संपवला असता. पण याला भूल द्यायची म्हणजे याचं काळीज ती सोसेल असं वाटत नाही. असे दहा रोगी टेबलावर घेतले तर सहा-सात तिथेच जातात.

म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. मग केशवरावांनी तिसरी वाट सांगितली. खालून नळी घालायची आणि विजेच्या तारेनं ती वाढ जाळायची. आतड्याच्या त्या भागात आतून चटका कळत नाही, त्यामुळे भूल लागत नाही. पण असं जाळून ती मुळासकट जात नाही, पुन्हा फुटते. म्हणून दर तीन महिन्यांनी यायचं, उगवलं असेल ते जाळायचं, आणि एखादा कोपरा संशयाचा वाटला तर कण कापून नागपूरला पाठवायचा. किती दिवस, तर जन्मभर.  जानराव म्हणाला, "म्हंजे हरळी हाय थे, डॉक्टरसाहेब. खुरपत राहा लागते."

"हरळीच आहे," डॉक्टर म्हणाले. "खुरपायला चुकलात तर शेत तिचं."

येण्याच्या आधीचे दोन दिवस फक्त तांदळाची गाळलेली पेज, कोरा चहा आणि पाणी, बाकी तोंडात काही घालायचं नाही, असा हुकूम होता. कावून, म्हणजे का, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि भागीरथेनं विचारलं नाही. आतडं रिकामं असलं की डॉक्टरला नीट दिसत असेल, असा तिनं आपल्या मनाशी अर्थ लावला. त्या काळी डॉक्टरनं हुकूम द्यायचा आणि रोग्यानं मान डोलवायची, अशीच रीत होती. दोघांनाही ती सोयीची होती.

चार खेपा सुरळीत गेल्या. एकसष्ट सालचा जानेवारी, मग एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. दर खेपेला भागीरथा दोन दिवस पेज शिजवायची, फडक्यातून गाळायची, प्रवासाच्या दिवशी पितळी बरणीत भरून घ्यायची आणि बडनेऱ्याहून गाडीनं नवऱ्याला अकोल्याला न्यायची. रात्र स्टेशनजवळच्या धर्मशाळेत काढायची आणि सकाळी दवाखाना. तिथली नर्स ललिता मूर्तिजापूरकडची. तिच्या घरच्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती. पहिल्या खेपेला तिनं पाणी पुढे केलं तेव्हा भागीरथेनं तहान नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ती कसली तहान नाही हे ललिताला बरोबर कळलं होतं.  जानरावला मात्र तिनं प्रत्येक खेपेला भावासारखं सांभाळलं. चौथ्या खेपेला दोघी एका बाकावर बसून एकाच किटलीतला चहा पीत होत्या, आणि पहिल्या खेपेची आठवण झाली की भागीरथेला स्वतःची लाज वाटायची.

त्या चौथ्या खेपेलाच डॉक्टरांच्या चिमट्याला वाढीचा एक कोपरा जरा घट्ट लागला. त्यांनी कण कापून पाठवला. तो चांगला निघाला. तरी त्यांनी भागीरथेला बोलावून बजावलं की यापुढे तारीख चुकवायची नाही, एक आठवडासुद्धा नाही. हे वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. दळताना, निंदताना, रताळ्याचे वेल ओढताना ती दिवस मोजायची. डिसेंबर संपता संपता जानरावला पुन्हा रक्त जाऊ लागलं. तिनं ते पाहिलं आणि सासूला सांगितलं नाही.

बासष्ट साल उजाडलं ते अष्टग्रही घेऊनच. आठ ग्रह एका राशीत येणार आणि पौषातल्या अमावास्येला जग बुडणार, असं जो तो सांगत होता. अमरावतीत ठिकठिकाणी यज्ञ मांडले होते. इतवाऱ्यात बायका वांग्यांची घासाघीस करता करता जग बुडण्याची वेळ सांगायच्या, आणि तरी वांगी पाच-सहा दिवस टिकतील अशीच निवडून घ्यायच्या. जानरावला याचं हसू येई. भागीरथेला येत नसे. तिच्या जगाला बुडायला आठ ग्रह लागणार नव्हते, एक घट्ट कोपरा पुरेसा होता.

जानेवारीची तारीख डॉक्टर परगावी गेल्यामुळे थोडी लांबली होती, आणि पडली ती नेमकी अमावास्येच्या तीन दिवस आधी. प्रवासाचा दिवस म्हणजे पौष वद्य एकादशी. जानरावची आई माणिकबाई एरवी एकटीच एकादश्या करायची. या वर्षी अष्टग्रहीच्या भीतीनं तिनं सगळ्या घराला एकादशी लावली होती, दोन्ही नातींना आणि गड्यालासुद्धा. भागीरथेनं दशमीला पेज शिजवली तोवर ती गप्प होती. एकादशीच्या सकाळी सून पुन्हा तांदूळ पाखडायला बसलेली पाहून म्हातारी चुलीजवळून उठली.

"अष्टग्रही तोंडावर आली अन् तू त्याच्या पोटात एकादशीचा तांदूळ घालून राहिली? त्याचं काळीज अगोदरच असं. काई झालं तं मंग कोनाच्या नावानं रडशीन?"

भागीरथा म्हणाली की डॉक्टरचा हुकूम आहे. माणिकबाई म्हणाली, डॉक्टर देवापेक्षा मोठा झाला का. मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं की लेकाला उपाशी कोण ठेवतंय, फराळाचं देऊ, फराळ तर पोटाला हलका. भागीरथेच्या हातातलं सूप तिथेच थांबलं. तिला भीती वाटत होती ती दोन्ही बाजूंनी. डॉक्टर एका तारखेवरून एवढे कडक बोलले होते, आणि इकडे साक्षात देव रागावला तर दाद कुठे मागायची? शिवाय सासू म्हणते त्यात खोटं काय होतं? उपासाचं खाणं हलकं, हे तर तिनंही लहानपणापासून ऐकलं होतं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी अर्धं गाव पोट धरून बसतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याचा दोष कोणी एकादशीला देत नाही. रताळी आपल्याच मळ्यातली, उकडलेली, मऊ. भाकर नाही की हरभरा नाही. तिनं तांदूळ डब्यात परत ओतला. माणिकबाईनं स्वतःच्या हातानं आठ-दहा रताळी उकडली, गुळाचा खडा ठेवला आणि फडक्यात बांधून दिली.

बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर जानरावला भुकेनं घेरी आली. एक दिवस नुसत्या पेजेवर गेला होता. भागीरथेनं फडकं सोडलं तेव्हा त्यानं आधी रताळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"डॉक्टरनं पेज सांगतली ना वं?"

"एकादशी हाय. तुमच्या मायनं बांधून देली."

तो हसला आणि म्हणाला, मंग मायचं आयकू. एकापाठोपाठ एक चार रताळी त्यानं गुळासोबत खाल्ली. बोटं चाटली. अकोल्याला धर्मशाळेत पोचल्यावर उरलेली खाल्ली. रक्त जायला लागल्यापासून त्यानं असं मन लावून कधी खाल्लं नव्हतं. त्याच्या तोंडाकडे पाहताना भागीरथेला फार बरं वाटलं, इतकं की आपण हुकूम मोडला आहे हे ती घटकाभर विसरूनच गेली.

आठवण झाली ती सकाळी दवाखान्यात. त्यांच्या आधी बाळापूरचा एक म्हातारा होता. त्यानं आदल्या दिवशी पिठलं-भाकर खाल्ल्याचं मोकळेपणी सांगून टाकलं. केशवराव त्याच्यावर सगळ्यांसमोर एवढे तापले की तो बिचारा धोतराचा सोगा चुरगाळत उभा राहिला. त्याला पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली आणि तो आल्या पावली परत गेला. भागीरथा भिंतीला टेकून हे पाहत होती. पंधरा दिवस. एक आठवडासुद्धा नाही, असं हेच डॉक्टर म्हणाले होते. रक्त महिन्यापासून जात होतं. पंधरा दिवसांत त्या कोपऱ्याचं काय होईल, आणि मध्ये ती अमावास्या, तिच्यानंतर तरी काय राहील आणि काय नाही, कोण जाणे.

ललिता कागद घेऊन तिच्याजवळ आली. एनिमा देऊन झाला होता, पण विचारायचा तिचा नेम होता.

"दोन दिस पेजच ना बाई? दुसरं काई नाई ना देलं?"

"पेजच देली," भागीरथा म्हणाली.

आपल्या तोंडून हे किती सहज निघालं, याचं तिलाच नवल वाटलं. जानराव शेजारी बसला होता. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यालाही परत जायचं नव्हतं. ललितानं कागदावर खूण केली आणि त्याचा हात धरून आत नेलं.

भागीरथा बाहेर बाकावर बसली. नेहमी अर्धा तास लागायचा. आतून भांड्यांचे, बोलण्याचे ओळखीचे आवाज येत होते. केशवराव जानरावला रताळ्याचं पीक कसं आहे ते विचारत होते. त्यांना त्याच्या मळ्याची माहिती होती आणि रोग्याला बोलतं ठेवायची त्यांची ती पद्धतच होती. जानराव म्हणाला, यंदा पीक बरं आहे.  आता उठावं आणि दार वाजवून सांगावं, असं बाहेर भागीरथेच्या मनात आलं. मग वाटलं, आता तर सुरू झालं, आता सांगून काय उपयोग. ती बसून राहिली. ते पाच-सात क्षण तिला पुढे आयुष्यभर पुरले.

आवाज मोठा नव्हता. भिजलेल्या पोत्यावर काठी मारावी, तेवढाच. पण त्याच्यामागून जानरावची किंकाळी आली, आणि जानराव किंचाळणारा माणूस नव्हता.

मग आत धावपळ झाली. मशीन बंद कर, असं डॉक्टर ओरडले. भागीरथा दारापाशी कशी पोचली ते तिला कळलं नाही. दार उघडून केशवराव बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. त्यांनी तिला झटपट, तुटक तुटक सांगितलं. जाळण्याआधी घट्ट कोपऱ्याचा कण कापून घेतला, तिथवर सगळं ठीक होतं. नंतर तार लावली आणि आतला वायू पेटला. पोटात न पचलेलं अन्न आंबलं की तिथे जळणारा वायू साठतो. ठिणगी पडली की त्याचा भडका होतो. आतडं फाटलं आहे.

"म्हणून तर पेजेवर ठेवायला सांगतो मी," ते म्हणाले. "काय खाल्लं होतं त्यानं?"

 ललिता दारात उभी होती आणि भागीरथेकडे एकटक पाहत होती. तेवढ्यात आतून, टेबलावरून, जानरावचा आवाज आला. तो वाक्यावाक्याला थांबत होता.

"मी खाल्लं, डॉक्टरसाहेब. रताळी. ठेसनावर घेऊन खाल्ली. तिले मालूम नाई. तिनं मले पेजच देली."

केशवराव आत गेले. ललिता मात्र क्षणभर तिथेच थांबली. तिला खरं काय ते कळलं होतं असं भागीरथेला वाटलं, आणि पुढेही नेहमी वाटत राहिलं. पण ललिता ना तेव्हा काही बोलली ना नंतर.

आता पोट उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जे टाळण्यासाठी वर्षभर अकोल्याच्या फेऱ्या केल्या, तेच घाईघाईनं, आणि तेही आतडं फाटलेल्या माणसाचं. काळजाच्या एका डॉक्टरला टांगा पाठवून बोलावून घेतलं. तो छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला आणि केशवरावांकडे पाहून त्यानं नुसती मान हलवली. भागीरथेनं कागदावर अंगठा उठवला. शाई पुसायचं तिला सुचलं नाही, ती लुगड्याला लागली.

दोन तासांनी केशवराव बाहेर आले आणि जानराव जिवंत आहे असं म्हणाले. सांगताना त्यांनाच खरं वाटत नव्हतं. आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवलं होतं, फाटलेली जागा शिवली होती. काळीज टेबलावर थांबलं नाही. पण पुढचे तीन दिवस धोक्याचे, असं त्यांनी बजावलं. मग ते जायचे ते गेले नाहीत, तिच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्या दवाखान्यात डॉक्टरला बाकावर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"चार वेळा तुम्हाला सांगितलं, काय द्यायचं ते," ते म्हणाले. "का, हे एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमच्या मालकांनी ती रताळी खाल्ली नसती."

भागीरथेला ओरडून सांगावंसं वाटलं की त्यांनी नाही, मी, मीच.  पण तिनं मान डोलवली. दुसऱ्या दिवशी तिला ऐकू आलं, ललिता बाहेरच्या प्रत्येक रोग्याला पेज कावून ते फोड करून सांगत होती, वायू, ठिणगी, सगळं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जानरावला धाप लागायला लागली. उशा लावून त्याला बसतं केलं होतं. पाय सुजले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. भागीरथा त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, मी जाऊन डॉक्टरले खरं सांगतो, हे तुमच्या नावावर कावून राहू देऊ. जानरावनं तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, तरी तिला सोडवून घेता आलं नाही.

"नको. मी तं जाऊनच राहिलो. तुले त्या घरात राहा लागते." त्यानं श्वास घेतला. "पोरीइले सांग, बापानं खाल्लं. मायनं चारलं, असं त्याइच्या कानावर जाऊ देऊ नको."

ती रडली. नवऱ्याला बोलून दाखवायची नसते ती गोष्ट तिनं त्या दुपारी बोलून दाखवली, रीत गेली खड्ड्यात. जानरावला ऐकू गेलं असावं. तो हसल्यासारखा झाला.

अमावास्येच्या दिवशी अकोल्यातल्या देवळादेवळांत भजनं चालली होती. जग बुडू नये म्हणून लोक टाळ कुटत होते. तो आवाज दवाखान्यापर्यंत येत होता. त्यातच जानरावच्या तोंडाला गुलाबी फेस आला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला, इतवाऱ्यात बाजार भरला, लोक एकमेकांकडे पाहून ओशाळं हसले. जग काही बुडालं नाही. वलगावजवळच्या एका मळ्याचं तेवढं बुडालं.

गावानं दोन्ही गोष्टी सांगितल्या. निम्मे म्हणाले, अष्टग्रहीनं नेला. उरलेले म्हणाले, जिभेनं नेला, दोन दिवस धीर धरवला नाही, बायको बिचारी पेज गाळून देत होती. समाचाराला येणारी प्रत्येक बाई भागीरथेजवळ बसून तिची बाजू घेऊन बोलायची. ते तिला सर्वांत जड जायचं. माणिकबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. 

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमन पुंजाराम पत्र घेऊन आला. घरात वाचणारं कोणी मोठं नसलं की तोच वाचून दाखवायचा. पत्र केशवरावांचं होतं. त्या दिवशी जाळण्याआधी जो कण कापून घेतला होता त्याचं उत्तर नागपूरहून आलं होतं. त्यात कॅन्सर नाही. वाढ होती तशीच आहे. हे कळवणं माझं कर्तव्य आहे, असं शेवटी लिहिलं होतं.

पुंजारामनं पत्राची घडी केली. भागीरथा ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. म्हणजे वेळ होता. त्या बाळापूरच्या म्हाताऱ्यासारखं खरं सांगून, चार शिव्या खाऊन, पंधरा दिवसांनी परत गेले असते, तरी चाललं असतं. ती ज्या उशिराला एवढी भ्याली होती, त्या उशिरानं जानरावचं काहीही वाकडं होणार नव्हतं.

माणिकबाई उठून बसली होती. तिनं पुंजारामला पत्राचा अर्थ पुन्हा सांगायला लावला. तो गेल्यावर ती सुनेकडे वळली.

"मंग माहा जानराव मरनार नव्हता," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "म्या बांधून देलेली रताळी, तू त्याले थेच खाऊ घातली का वं?"

 तेरा दिवस म्हातारी भिंतीकडे तोंड करून कशापायी पडली होती, ते भागीरथेला तेव्हा कळलं. हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर त्या ओझ्याला दुसरा खांदा मिळाला असता, आणि तो खांदा त्याच दिवशी मोडला असता. जानरावनं पोरींचं नाव घेतलं होतं, आईचं घेतलं नव्हतं. पण त्याला हे सुचलं असतं तर तो काय म्हणाला असता, याबद्दल तिला शंका नव्हती.

"नाई आत्याबाई," ती म्हणाली. "तुमची तं मी बडनेऱ्यालेच गाईले घातली. डॉक्टरनं नाई म्हटलं होतं ना. त्याइनं ठेसनावरची खाल्ली, माह्या चोरून."

माणिकबाईनं डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की भागीरथा तिला धरायला पुढे झाली. मग म्हातारीला रडू फुटलं, आणि रडता रडता ती मेलेल्या लेकाला बोलू लागली, लहानपणापासून असाच जिभलीचा, गुळाचं मडकं याच्यापासून लपवून ठेवा लागे, एक दिवस दम धरवला नाही मेल्याले. भागीरथा तिची पाठ चोळत राहिली.

माणिकबाई पुढे सहा वर्षं जगली. दर एकादशीला ती फराळाचं ताट पुढ्यात घेऊन जानरावच्या जिभेला शिव्या द्यायची, आणि भागीरथा समोर बसून त्या ऐकून घ्यायची.